कातळावरील खोदचित्रांचा कालनिर्णय : एक चिकित्सा

१. नाम आणि काळ

बार्शीटाकळी हे अकोल्याजवळचे गाव तेथील कालंका देवीच्या जुन्या मंदिरामुळे वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. काळ्या पाषाणाचे घडीव दगड चुन्यावाचून एकमेकांवर बसवून बांधलेले देऊळ दिसले म्हणजे त्यास 'हेमाडपंती' म्हणण्याचा महाराष्ट्रात प्रघात आहे, आणि हे मंदिरही त्याच नावाने ओळखले जाते. हेमाडपंत अथवा हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव (इ. स. १२६१–१२७१) व रामचंद्र (इ. स. १२७१–१३११) ह्या यादव राजांचा मंत्री. तेव्हा 'हेमाडपंती' ह्या विशेषणात केवळ बांधणीचे वर्णन नाही. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध हा काळही त्यात गृहीत धरलेला आहे. बार्शीटाकळीचा शिलालेख मात्र शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६-७७ चा आहे. त्यात हेमाद्रिदेव नावाच्या राजाचा उल्लेख येतो. हा हेमाद्रिदेव व यादवांचा मंत्री हेमाद्री ह्या दोन भिन्न व्यक्ती असून त्यांच्यात ऐंशीहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

लेखातील शकाचे अंक झिजून गेले असते आणि 'हेमाद्रि' हे नाव तेवढे वाचता आले असते, तर काय झाले असते ह्याची कल्पना करावी. 'हेमाडपंती' शैलीचे मंदिर आणि त्यातच हेमाद्रीचे नाव ह्या दोन गोष्टी परस्परांस पुष्टी देत आहेत, असेच कोणालाही वाटले असते. मंदिराचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरला असता, आणि तो निर्णय निःसंशय मानला गेला असता. वस्तुतः ती पुष्टी नव्हे, एकाच चुकीची ती दोनदा झालेली उजळणी ठरली असती. शैलीला दिलेले नाव हळूहळू तिचा काळ होऊन बसते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे आहे. त्यासही 'हेमाडपंती' म्हणणारे आहेतच. नाशिकजवळच्या लेण्यांना लोकांनी पांडवांचे नाव दिले. त्यांतील लेख मात्र क्षहरात व सातवाहन राजकुळांतील व्यक्तींची नावे सांगतात.

ही सर्व अक्षरांकित स्थळे आहेत. नावाने केलेली चूक तेथे अक्षरांनी सुधारता आली. ज्या खोदकामावर अक्षरच नाही, तेथे ती कशाने सुधारावयाची? कोकणातील सड्यांवरील खोदचित्रे, गोव्यातील कुशावती नदीकाठची उसगाळीमळ येथील चित्रे, गाविलगडच्या डोंगरांतील शैलाश्रयांमधील आकृती ह्यांच्या संबंधात हा प्रश्न आज उपस्थित झाला आहे. 'प्रागैतिहासिक' हे विशेषण त्यांना आता इतके सहज लावले जाते की ते विशेषण हाच एक कालनिर्णय आहे, ह्याचे भान सुटू लागले आहे. तो निर्णय ज्या युक्तिवादांवर उभा आहे त्यांची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. वय कोणत्या घटनेचे?

खडकावरील एखाद्या रेषेचे वय विचारताना वेगवेगळ्या चार घटना एकत्र मिसळण्याचा संभव असतो. ज्या पृष्ठभागावर रेषा आहे तो पृष्ठभाग केव्हा उघडा पडला, ही पहिली घटना. रेषा केव्हा खोदली, ही दुसरी. रेषेने जे दाखविले आहे ते जगात केव्हा होते, ही तिसरी. आणि रेषेवर नंतर जो थर, माती अथवा दुसरी रेषा आली ती केव्हा आली, ही चौथी. प्रश्न दुसऱ्या घटनेचा असतो. हाती येणारा पुरावा मात्र बहुधा उरलेल्या तिहींपैकी एकीचा असतो. पहिल्या घटनेवरून 'ह्याहून जुनी नाही' अशी पलीकडची मर्यादा मिळते. चौथीवरून 'ह्याहून नवी नाही' अशी अलीकडची मर्यादा मिळते. तिसरीवरून काय मिळते, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते.

मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा भेद श्रवणबेळगोळच्या उदाहरणाने चांगला परिचित असावयास हवा. तेथील गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतील दोन ओळी आहेत. पहिली ओळ मूर्ती चावुंडराजाने करविल्याचे सांगते, दुसरी भोवतालचा प्राकार गंगराजाने करविल्याचे सांगते. मूर्ती इ. स. ९८१ ते ९८३ च्या सुमाराची. म्हणून पहिली ओळही त्याच वर्षांची मानून तिला मराठीतील आद्य लेखाचा मान देण्यात आला. परंतु गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धन ह्याचा सेनापती असून त्याचे बांधकाम इ. स. १११७ च्या सुमाराचे आहे. आणि दोन्ही ओळींच्या अक्षरांचे वळण एकच आहे. तेव्हा पहिली ओळही बाराव्या शतकात, झालेल्या गोष्टीची नोंद म्हणून कोरली गेली असावी, असे मत पुढे आले व ते सयुक्तिक आहे. लेखात सांगितलेल्या घटनेचा काळ आणि लेख कोरण्याचा काळ ह्यांत सव्वाशेहून अधिक वर्षांची तफावत पडली, ती साक्षर समाजात, राजांची नावे दिलेली असताना. चित्रात दिसणारा प्राणी व चित्र काढण्याचा काळ ह्यांत किती तफावत पडू शकेल, ह्याचा अंदाज ह्यावरून करता येईल.

ह्याच न्यायाने बार्शीटाकळीचा लेखही तपासून घ्यावयास हवा. शके १०९८ हे वर्ष मूलतः लेखाचे आहे. लेखाचा दगड मूळ जागी असेल तर मंदिराचा तो भाग त्या वर्षी उभा होता, एवढे निश्चित होते. त्यापूर्वी किती वर्षे तो उभा होता, हे लेखातील शक सांगत नाही. निश्चित तारीख मिळाली असतानाही जर इतके तारतम्य ठेवावे लागते, तर तारखेच्या अभावी ते कितीतरी अधिक ठेवावे लागेल.

३. कोकणच्या सड्यावरील चार युक्तिवाद

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण सड्यांवर माणसे, हत्ती, वाघ, मासे, पक्षी आणि अनाकलनीय भौमितिक रचना मोठ्या प्रमाणावर खोदलेल्या आढळतात. २०१२ नंतरच्या काळात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई ह्यांनी गावोगाव पायी हिंडून, गुराख्यांना व शेतकऱ्यांना विचारून, शेकडो आकृतींची नोंद केली. हे कार्य असामान्य होय. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राणी खोदलेले आहेत. बारसू येथे मध्ये मनुष्याकृती व दोन्ही बाजूंस वाघसदृश प्राणी अशी रचना आहे. २०२२ साली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील फणसईमळ ही नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली. ह्या चित्रांचे वय मध्याश्मयुगापासून आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांच्या पल्ल्यात कोठेतरी, असे सांगितले जाते. लोकांच्या मुखी त्या पल्ल्यातील सर्वांत मोठा आकडा तेवढा राहतो. ह्या अनुमानामागे मुख्यतः चार युक्तिवाद दिसतात.

पहिला युक्तिवाद प्राण्यांचा. चित्रांत गेंडा ओळखण्यात आला आहे. गेंडा आज कोकणात नाही. म्हणून चित्रे फार जुनी. ह्यातील पहिली दोन विधाने मान्य केली तरी तिसरे त्यांतून निघत नाही. गुजरातेत लांघणजच्या मध्याश्मयुगीन वसाहतीत गेंड्याचे अवशेष सापडले, तसेच ते हडप्पा संस्कृतीच्या स्थळीही सापडले. आणि सोळाव्या शतकात बाबराने सिंधूच्या परिसरात गेंड्याची शिकार केल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. गेंडा पश्चिम भारतातून एका विशिष्ट वर्षी नाहीसा झालेला नाही. कोकणातून तो केव्हा गेला हे तेथील अस्थींवरून ठरले, तर आणि तरच ह्या युक्तिवादाला कालमूल्य येईल. शिवाय ज्याने चित्र काढले त्याने तो प्राणी आपल्याच गावाच्या रानात पाहिला असला पाहिजे, असेही नाही. देवळांवर सिंह कोरणाऱ्या सर्वच पाथरवटांनी सिंह पाहिला होता, असे कोण म्हणेल?

दुसरा युक्तिवाद अभावाचा. चित्रांत नांगर नाही, शेती नाही, पाळीव गुरे नाहीत. म्हणून चित्रकार शेतीपूर्व काळातील शिकारी व मासेमार होत. अभावाचे प्रमाण तेव्हाच ग्राह्य ठरते, जेव्हा ती वस्तू असती तर ती अवश्य दाखविली गेली असती असे सिद्ध करता येते. प्राचीन मराठी शिलालेख बहुतांशी दान, बांधकाम व शापवचने ह्यांविषयी आहेत. रोजच्या स्वयंपाकघरातले शब्द त्यांत फारसे येत नाहीत. म्हणून त्या काळी मराठी बोलणारे लोक स्वयंपाक करीत नव्हते असे अनुमान कोणी काढीत नाही. लेखाचा एक विषय असतो, तसाच चित्राचाही असतो; विषयाबाहेरच्या गोष्टींविषयीचे मौन हा पुरावा नव्हे. तथापि हा युक्तिवाद सर्वस्वी टाकाऊही नाही. शेकडो आकृतींत, अनेक गावांत, हेच मौन सातत्याने आढळत असेल तर त्यास काही वजन आहे. परंतु ते वजन 'शक्यता' ह्या शब्दापुरते आहे.

तिसरा युक्तिवाद हत्यारांचा. कोकणात दगडी हत्यारे मिळतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोळोशी येथील गुहेच्या उत्खननात ती मिळाली आहेत. ह्या शोधाचे महत्त्व मोठे आहे, कारण कोकणात फार प्राचीन काळी मानवाची वस्ती होती हे त्याने दाखविले. पण गुहेतील हत्यार आणि सड्यावरील चित्र ह्यांना जोडणारा दुवा केवळ 'प्रदेश एक' हा आहे. एकाच प्रदेशात दहा हजार वर्षांपूर्वीचे लोक राहत होते आणि एक हजार वर्षांपूर्वीचेही राहत होते. चित्र कोणाचे, ह्याचे उत्तर दोघांच्या अस्तित्वाने मिळत नाही. उलट बाजूने असेही म्हणतात की इतक्या खोल व रेखीव खोबणी लोखंडाच्या छिणीवाचून अशक्य होत. हाही युक्तिवाद तितकाच अपुरा आहे. जांभा खणून काढताना मऊ असतो व हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो, हे फ्रान्सिस बुकॅनन ह्याने १८०७ सालीच नोंदविले आहे, आणि चिऱ्याच्या खाणीवर काम करणाऱ्या प्रत्येकास ते ठाऊक आहे. सड्याचा वरचा पापुद्रा किती कठीण होता, त्यावर दगडी हत्याराने किती वेळात केवढी खोबण पडते, हे प्रत्यक्ष प्रयोगानेच कळेल. मध्य प्रदेशातील दरकी-चट्टान येथे गिरिराज कुमार ह्यांनी असे प्रयोग केले, तेव्हा कठीण गारखडकावर लहानसा खळगा करण्यासही दगडी हातोड्याचे हजारो आघात लागतात असे दिसले. जांभ्यावरील आघातांच्या खुणांचा तसा पद्धतशीर अभ्यास झाला तर निदान हत्यार दगडाचे की धातूचे, एवढा प्रश्न सुटण्याजोगा आहे.

चौथा युक्तिवाद शैलीचा. अन्यत्र दिनांकित झालेल्या चित्रांशी साम्य दिसते, म्हणून काळही तोच. 'हेमाडपंती' ह्या नावाचा इतिहास पाहिल्यावर ह्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण उरत नाही. शैली क्रम सुचविते; वर्ष सांगत नाही. एकच आकृती दुसरीला छेदून गेली असेल तर छेदणारी नंतरची, हे निश्चित; आणि अशा छेदांची नोंद पुरेशा प्रमाणात झाली तर सड्यावरील चित्रांचे आधीचे व नंतरचे गट पाडता येतील. ध्वनिपरिवर्तनांचा क्रम लावताना भाषाभ्यासक नेमके हेच करतो. कोणता बदल आधी झाला हे तो ठामपणे सांगू शकतो. तो कोणत्या शतकात झाला हे सांगण्यासाठी मात्र त्याला दिनांकित लेखाकडेच जावे लागते.

४. प्रयोगशाळेतील घड्याळे

युक्तिवाद अपुरे पडतात तेव्हा प्रयोगशाळेकडे पाहण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. परंतु किरणोत्सारी कार्बनाची पद्धत सेंद्रिय द्रव्याचे वय सांगते. रंगचित्रात कोळसा किंवा डिंक असू शकतो. खोदचित्र म्हणजे खडकातून काढून टाकलेला भाग, आणि जे काढून टाकले आहे त्याचे वय मोजता येत नाही. महाराष्ट्रात कोरीव आकृतीच्या द्रव्यावरूनच वय मिळाल्याचे प्रसिद्ध उदाहरण खडकावरचे नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे १९७० नंतरच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव तुकडा मिळाला. कवचात कार्बन असल्यामुळे त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे ठरविता आले. तेथेही ते वय कवचाचे आहे. पण ते ज्या थरात मिळाले तो थरही त्याच काळाची साक्ष देतो, म्हणून कोरीव कामाविषयीचे अनुमान बळकट होते. द्रव्य आणि थर अशा दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींशी जुळल्या. दोन साक्षी स्वतंत्र असणे हेच येथे महत्त्वाचे. बार्शीटाकळीच्या कल्पित उदाहरणात शैलीचे नाव आणि मंत्र्याचे नाव ह्या दोन साक्षी तशा स्वतंत्र नव्हत्या.

खडकाच्या पृष्ठभागावर शतकानुशतके साचणाऱ्या पातळ लेपाचे रासायनिक प्रमाण मोजून अथवा त्यात अडकलेल्या सेंद्रिय कणांचे वय मोजून खोदचित्रांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत जोमाने झाला. पुढे १९९८ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात अशा नमुन्यांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. तीत एकाच नमुन्यात दगडी कोळशासारखे व लाकडी कोळशासारखे असे अत्यंत भिन्न वयांचे कण मिसळलेले आढळले. मिश्रणाचे सरासरी वय हे कोणत्याच घटनेचे वय नसते. त्यानंतर ह्या पद्धतीवरील विश्वास ओसरला.

रॉबर्ट बेडनारिक ह्यांनी पुरस्कारिलेली सूक्ष्मझिजेची पद्धत निराळ्या तत्त्वावर आधारलेली आहे. आघाताने फुटलेल्या गारेच्या स्फटिकाची धार कालांतराने बोथट होत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली ती किती बोथट झाली आहे हे मोजून, झिजेचा वेग माहीत असल्यास, वय काढता येते. 'वेग माहीत असल्यास' ह्या अटीत सगळी अडचण साठलेली आहे. तो वेग ठरविण्यासाठी त्याच हवामानातील, त्याच खनिजाचा, ज्ञात वर्षाचा पृष्ठभाग लागतो. कोकणचा जांभा बहुतांशी अग्निजन्य काळ्या खडकापासून बनलेला असल्यामुळे त्यात मापनास योग्य असे गारेचे स्फटिक मिळणे दुर्घट आहे. गाविलगडचे शैलाश्रय वालुकाश्माचे असल्यामुळे तेथे ते मिळतील. परंतु तुलनेसाठी बार्शीटाकळीचा काळा पाषाण चालणार नाही, त्याच भागातील वालुकाश्मावर कोरलेला दिनांकित लेखच हवा.

ह्या पद्धतींतील गृहीतक भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. मॉरिस स्वॉडेश ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात, कार्बनमापनाचाच आदर्श पुढे ठेवून, भाषांच्या विभक्त होण्याचा काळ मोजण्याची पद्धत मांडली. मूलभूत शंभर शब्दांपैकी सुमारे ८६ हजार वर्षांनंतर टिकतात, हा वेग सर्व भाषांत सारखा असतो, असे तिचे सूत्र होते. १९६२ साली बेर्गस्लांड व फोग्ट ह्यांनी दाखवून दिले की आइसलँडच्या भाषेत ह्याहून कितीतरी अधिक शब्द टिकले, तर पूर्व ग्रीनलँडमध्ये, मृतांच्या नावांशी जुळणारे शब्द टाकून देण्याच्या रूढीमुळे, शब्द फार वेगाने बदलले. तंजावरची मराठी व वऱ्हाडी ह्यांत सतराव्या शतकानंतर झालेले बदल एकाच वेगाने झाले असे कोणी म्हणणार नाही. शब्दांची झीज ज्याप्रमाणे समाजावर अवलंबून असते, त्याप्रमाणे खडकाची झीज पाऊस, शेवाळ, वणवा, गुरांचे खूर आणि माणसाचे हात ह्यांवर अवलंबून असते. वेग स्थिर मानून काढलेले वय हे मोजमाप नसून गृहीतकाचे रूपांतर होय.

५. कोआ नदीचा धडा

आतापर्यंतच्या विवेचनावरून शैलीवर विसंबणारे चुकतात व प्रयोगशाळा निदान दिशा तरी बरोबर दाखविते, असा कोणाचा समज होईल. तो पोर्तुगालमधील कोआ नदीच्या खोऱ्यातील घटनांनी खोटा ठरविला आहे. तेथे धरणाचे काम चालू असताना नदीकाठच्या शिस्टी खडकांवर घोडे, रानबैल व रानबोकड ह्यांची असंख्य खोदचित्रे असल्याचे १९९४ च्या अखेरीस उघड झाले. शैलीच्या अभ्यासकांनी ती उत्तर पुराश्मयुगातील, वीस हजार वर्षांच्या आसपासची, ठरविली. १९९५ साली काही तज्ज्ञांनी प्रत्यक्ष मोजमाप केले आणि त्यांपैकी बेडनारिक व वॉचमन ह्यांनी चित्रे अवघ्या काही सहस्र वर्षांच्या आतली असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वेळी दुसऱ्या एका मोजमापातून खडकाचे पृष्ठभाग पुराश्मयुगातही उघडे होते एवढे दिसून आले; पण ती केवळ पलीकडची मर्यादा होती. वाद तुंबळ झाला. धरण थांबविण्यात आले आणि १९९८ साली स्थळाचा समावेश जागतिक वारशात झाला; परंतु वयाचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचा निकाल १९९९ नंतर फारिसेउ येथे लागला. तेथे खोदचित्रे असलेला एक खडक उत्तर पुराश्मयुगीन थरांखाली गाडलेल्या स्थितीत सापडला. ज्या रेषेवर त्या काळातील माणसांच्या वसाहतीचा कचरा साचला आहे, ती रेषा त्याहून नवी असणे शक्य नाही. शैलीवाल्यांचे अनुमान बरोबर ठरले. परंतु ते शैलीमुळे बरोबर ठरले असे म्हणता येत नाही. त्यास प्रमाणत्व आले ते थरामुळे. इजिप्तमधील कुर्ता येथेही हाच प्रकार घडला: खोदचित्रांवर साचलेल्या वाळूच्या कणांना शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा मिळाला हे मोजून, चित्रे किमान पंधरा हजार वर्षांची असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. दरकी-चट्टानमध्येही खळगे असलेले, भिंतीवरून निखळलेले तुकडे उत्खननातील खालच्या थरांत मिळाल्यावरच त्या खळग्यांच्या प्राचीनत्वाविषयीच्या चर्चेस आधार आला.

ह्या सर्व उदाहरणांत निर्णायक पुरावा चौथ्या घटनेचा, म्हणजे चित्रावर नंतर जे आले त्याचा आहे. तो केवळ अलीकडची मर्यादा देतो. पण जी देतो ती पक्की देतो.

६. महाराष्ट्रात काय करता येईल

ह्या दृष्टीने पाहता कोकणातील एक प्रचलित व्यवहार पुनर्विचारास पात्र ठरतो. सड्यावर नवे चित्र आढळले की प्रथम खोबणीतील माती, गवत व दगडगोटे काढून ते स्वच्छ केले जाते, म्हणजे छायाचित्र नीट येते. हेतू चांगला आहे. परंतु उघड्या सड्यावर दुसरा कोणताही थर नसताना, खोबणीच्या तळाशी घट्ट बसलेली माती हीच त्या चित्राची एकमेव साक्ष असू शकते. त्या मातीत योग्य खनिजकण असल्यास ती केव्हा झाकली गेली हे मोजण्याची शक्यता राहते. केरसुणीने ती शक्यता कायमची संपते. निदान प्रत्येक स्थळी एक-दोन आकृती न साफ करता राखून ठेवणे, आणि सड्याच्या उताराशी जेथे माती साचते तेथे गाडलेल्या आकृतींचा शोध घेणे, हे त्यामुळे अगत्याचे आहे.

विदर्भात परिस्थिती अधिक अनुकूल आहे. नागपूरजवळील जुनापाणी येथील शिलावर्तुळांच्या धोंड्यांवर वाटीच्या आकाराचे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक ह्याने एकोणिसाव्या शतकात त्यांकडे लक्ष वेधले व १८७९ साली ते प्रसिद्ध केले. विदर्भातील शिलावर्तुळांचा काळ टाकळघाट-खापा, नायकुंड इत्यादी उत्खननांमुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात निश्चित झालेला आहे. पण म्हणून खळग्यांचाही काळ तोच, असे म्हणणे म्हणजे पुन्हा पहिल्या व दुसऱ्या घटनेची गल्लत करणे होय. खळगे धोंड्याच्या जमिनीत पुरलेल्या भागावरही असतील तर ते वर्तुळ उभारण्यापूर्वीचे अथवा त्याच वेळचे होत. केवळ उघड्या भागावर असतील तर ते नंतरच्या कोणत्याही शतकातले असू शकतील. हा प्रश्न खर्चिक यंत्रावाचून, काळजीपूर्वक केलेल्या लहानशा उत्खननाने सुटण्याजोगा आहे.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, बैतूल जिल्ह्यातील धारूळच्या परिसरात डॉ. विजय इंगोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली शैलाश्रय शोधून काढले. तेथे रंगचित्रांबरोबर खोदकामही आहे. शैलाश्रयाला छत व जमीन दोन्ही असतात. भिंतीवरून निखळलेला तुकडा त्याच जमिनीतील थरांत पडून राहतो. उघड्या सड्यावर जे मिळत नाही ते येथे मिळण्याचा संभव आहे. ह्या स्थळाच्या बाबतीतही मोठमोठे आकडे वृत्तपत्रांतून आले. परंतु चित्रातील एखादा प्राणी अमुकच होय असे मानून त्यावरून काढलेल्या काळापेक्षा, थरात सापडलेल्या एका तुकड्याचे मोल अधिक आहे.

७. उपसंहार

ह्या चिकित्सेवर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. २०२२-२३ साली बारसूच्या सड्याच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव असताना तेथील चित्रे सार्वजनिक वादाचा विषय झाली. अशा वेळी वयाविषयी शंका उपस्थित करणे म्हणजे चित्रांच्या रक्षणाचा पाया खिळखिळा करणे नव्हे काय? कोआच्या खोऱ्यातही हाच प्रश्न विचारला गेला होता. तेथील अनुभवाचे उत्तर असे आहे की रक्षणाची मागणी एका आकड्यावर उभी केली म्हणजे तो आकडा डळमळीत करण्याची संधी विरोधकास आपणच देतो. चित्रे दहा हजार वर्षांची असोत की दोन हजार वर्षांची, अशा आकाराचे व अशा विपुलतेचे खोदकाम भारतात अन्यत्र सहसा आढळत नाही, आणि एकदा फोडलेला कातळ पुन्हा जोडता येत नाही. रक्षणास एवढे कारण पुरेसे आहे. किंबहुना वय अनिश्चित आहे हेच रक्षणाचे अधिक सबळ कारण होय. ज्याचा काळ ठरावयाचा आहे ते साधनच नष्ट झाले, तर प्रश्न अनुत्तरित राहील इतकेच नव्हे, तर तो पुन्हा विचारताही येणार नाही.

तोवर लेखनात एक शिस्त पाळता येईल. 'चित्र अमुक हजार वर्षांचे आहे' ह्या वाक्याऐवजी 'अमुक पुराव्यावरून ते ह्या काळानंतरचे, अमुक पुराव्यावरून ते ह्या काळापूर्वीचे' असे लिहावे; जेथे एकच मर्यादा उपलब्ध असेल तेथे एकच लिहावी, आणि जेथे एकही नसेल तेथे 'काळ अनिश्चित' असे शब्द वापरण्यात कमीपणा मानू नये. शब्दकोशात एखाद्या शब्दापुढे 'व्युत्पत्ती अनिश्चित' असे लिहिणारा कोशकार त्या शब्दाचा अपमान करीत नाही; चुकीची व्युत्पत्ती देणारा मात्र पुढील कित्येक पिढ्यांची दिशाभूल करतो. बार्शीटाकळीच्या पाथरवटाने शकाचे अंक कोरून पुढच्यांची सोय केली. सड्यावरील माणसांनी ती केली नाही, म्हणून त्यांच्या वतीने आपण ते अंक लिहू नयेत.